नोंदींच्या ढिगातून औषधाचा दोष हुडकताना

औषध बाजारात येते तेव्हा त्याच्याबद्दल बरेच काही ठाऊक झालेले असते, पण सगळे नाही. मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत ते काही शे, फार तर काही हजार माणसांना दिलेले असते आणि ही माणसेही पारखून घेतलेली असतात. फार वयस्कर नाहीत, गरोदर नाहीत, मूत्रपिंड आणि यकृत धड, सोबत दुसऱ्या गोळ्या फारशा चालू नाहीत. दहा हजारांत एखाद्याला होणारा घातक परिणाम निदान एकदा तरी नजरेस पडावा, अशी 95 टक्के खात्री हवी असेल तर सुमारे तीस हजार माणसांवर लक्ष ठेवावे लागते. एवढी मोठी चाचणी क्वचितच होते. त्यामुळे विरळ परिणाम बहुधा औषध दुकानादुकानांत पोचल्यावरच कळतात, आणि ज्यांना ते होतात ती माणसे कोणत्याही चाचणीत नाव न घातलेली, साधी गिऱ्हाइके असतात.

अशा घटना टिपण्याची जगभर रुळलेली रीत म्हणजे उत्स्फूर्त नोंद. एखाद्या डॉक्टरला, परिचारिकेला, औषधविक्रेत्याला किंवा खुद्द रुग्णाला वाटले की हा त्रास औषधामुळे झाला असावा, की त्याने तसा अर्ज भरून पाठवायचा. सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. संशय पुरेसा असतो. या संशयांचा साठा वाढत गेला की त्यातून एखादे औषध आणि एखादी घटना पुन्हापुन्हा एकत्र येत आहेत का, हे गणिताने तपासता येते. या तपासणीला डेटा मायनिंग आणि या सगळ्या व्यवहाराला फार्माकोव्हिजिलन्स किंवा औषधसुरक्षा निरीक्षण म्हणतात. प्रस्तुत विषय तोच आहे.

ही रीत थॅलिडोमाइडच्या धड्यातून जन्मली. 1957 मध्ये जर्मनीत विक्रीस आलेले हे औषध झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी सर्रास दिले जाई. 1961 च्या नोव्हेंबरात हॅम्बर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी हातापायांची वाढ न झालेल्या अर्भकांचा संबंध या औषधाशी जोडला. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातले प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचे तशाच आशयाचे छोटे पत्र 'लॅन्सेट'मध्ये आले. तोवर औषध चार वर्षे विकले जात होते आणि जगभरात दहा हजारांहून अधिक मुले बाधित झाली. ते दोष इतके विरळ आणि डोळ्यांत भरणारे होते की दोन चाणाक्ष डॉक्टरांना आकडेमोडीविनाही ते ओळखता आले. याच औषधाने हृदयविकाराचे प्रमाण थोडेसे वाढवले असते, तर नेहमीच्या रुग्णांच्या गर्दीत ते कोणालाच वेगळे दिसले नसते. गणिताची गरज खरी पडते ती तिथे.

ब्रिटनने 1964 मध्ये पिवळ्या कार्डाची पद्धत सुरू केली. 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांना घेऊन सामाईक कार्यक्रम उभारला आणि 1978 पासून त्याचे काम स्वीडनमधल्या उप्साला शहरातून चालते. तिथल्या 'व्हिजिबेस' या संचात आज तीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

भारत या कार्यक्रमात 1990 च्या दशकाच्या अखेरीस सामील झाला, पण देशभर जाळे विणण्याचा पहिला गंभीर प्रयत्न 2004 च्या नोव्हेंबरातला. त्या राष्ट्रीय कार्यक्रमात दिल्लीचे एम्स आणि मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय ही दोन क्षेत्रीय केंद्रे होती. त्यांच्या खाली पाच प्रादेशिक केंद्रे होती: कोलकाता, मुंबईचे नायर, दिल्लीचे लेडी हार्डिंग, पुद्दुचेरीचे जिपमर आणि नागपूरचे इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे नागपूरकरांचे मेयो. विदर्भाच्या या शहराला तेव्हाच या कामात स्थान मिळाले, ते बरेचसे भूगोलामुळे. मध्य प्रदेशातले छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, इकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि थेट छत्तीसगड-तेलंगणाच्या सीमेवरचा रुग्ण गंभीर झाला की गाडी नागपूरच्या वाटेला लागते. एका गावात एकच दिसणारा त्रास इथल्या वॉर्डात तीनदा, चारदा दिसू शकतो.

तो कार्यक्रम पुरेसा टिकला नाही. त्यानंतर 14 जुलै 2010 रोजी सध्याचा भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला आणि 2011 च्या एप्रिलपासून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे गेले. वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये यांत नोंदणी केंद्रे आहेत. बहुतेक ठिकाणी हे काम औषधशास्त्र विभागाच्या वाट्याला येते. नोंद तपासून, कोड लावून संगणकावर चढवायची आणि पुढे राष्ट्रीय व जागतिक संचात धाडायची, असा तिचा प्रवास. रुग्णांसाठी मराठीसह अनेक भारतीय भाषांत वेगळा सोपा अर्ज आहे आणि 1800-180-3024 हा निःशुल्क दूरध्वनीही आहे. या दोन्हींचा वापर मात्र व्हायला हवा तेवढा होत नाही. औषध 'गरम पडले' की ते बंद करायचे, फार तर दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे, ही आपली सर्वसाधारण पद्धत. त्याचा अर्ज भरायचा असतो हे फार थोड्यांना माहीत असते.

या विषयात अल्गोरिदमवर जेवढी शाई खर्च होते त्याच्या निम्मीही अर्जावर होत नाही. खरा प्रश्न अर्जापाशीच सुरू होतो.

अर्जात चार गोष्टी किमान लागतात: ओळखता येईल असा रुग्ण, ओळखता येईल असा नोंद करणारा, संशयित औषध आणि घडलेली घटना. या चार असल्या की नोंद ग्राह्य धरतात. पण ग्राह्य नोंद आणि उपयोगी नोंद यांत अंतर फार असते. समजा, नागपूरच्या एखाद्या मेडिसिन वॉर्डात फिटचा रुग्ण आहे. कार्बामाझेपिन सुरू केल्यावर काही आठवड्यांनी अंगावर फोड, तोंडात जखमा, डोळे लाल. रेसिडेंट डॉक्टर अर्ज घेतो. रुग्णाची आद्याक्षरे, वय, लिंग, वजन भरले जाते. औषधाचे नाव भरले जाते. डोस कदाचित. औषध नेमके कोणत्या तारखेला सुरू झाले, हे नातेवाइकांना विचारावे लागते आणि उत्तर 'पोळ्याच्या आसपास' असे येते. निर्मात्याचे नाव आणि बॅच क्रमांक यांचे रकाने कोरे राहतात, कारण पट्टी घरी आहे किंवा गोळ्या दुकानातून चार-चार कापून आणलेल्या आहेत. सोबतची औषधे या रकान्यात गावातल्या वैद्याचा काढा क्वचितच उतरतो, कारण तो औषधात मोजलाच जात नाही. औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का, हा प्रश्न अर्ज भरण्याच्या दिवशी विचारला जातो तेव्हा उत्तर अजून घडायचे असते.

त्यातही अर्ज भरला गेला हेच विशेष. निरनिराळ्या देशांतल्या 37 अभ्यासांचा 2006 मध्ये घेतलेला आढावा सांगतो की प्रतिकूल परिणामांपैकी मध्यकाने 94 टक्के नोंदलेच जात नाहीत. कारणे ठरलेली आहेत. वेळ नाही, खात्री नाही, हा परिणाम तर पुस्तकात आधीच आहे मग पुन्हा काय लिहायचे, आणि कुठेतरी आपल्यावरच शेकेल ही भीती. शेवटचे कारण अर्जावर गोपनीयतेचे आश्वासन छापले म्हणून जात नाही. खाजगी दवाखान्यांतून तर नोंदी आणखी कमी येतात, आणि विदर्भात पहिला इलाज बहुतांशी तिथेच होतो.

पुढची पायरी भाषेची. 'अंगावर लाल चट्टे', 'खाज', 'पित्त उठले', 'त्वचा सोलली' या चार तक्रारी गणिताला चार वेगळ्या घटना वाटू शकतात किंवा एकच. म्हणून घटनांसाठी मेड्रा नावाचा पाच पातळ्यांचा प्रमाण शब्दकोश वापरतात. सर्वांत खालच्या पातळीवर बोलीच्या जवळची वर्णने असतात आणि सर्वांत वर अवयवसंस्था. औषधांसाठीही ब्रँडची नावे घटकद्रव्यांशी जोडणारा कोश असतो. एकाच मूळ घटकाच्या डझनांनी ब्रँड असलेल्या भारतीय बाजारात ही जोडणी किचकट आहे; एका गोळीत तीन घटक असतील तर नोंद तिन्ही घटकांच्या खात्यावर जाते. कोड लावणारा चुकला, तर पुढे कितीही चांगले गणित ते दुरुस्त करू शकत नाही.

आता ते गणित. मूळ कल्पना साधी आहे. एका औषधाच्या सर्व नोंदींत अमुक घटनेचा वाटा किती, आणि बाकीच्या सर्व औषधांच्या नोंदींत त्याच घटनेचा वाटा किती, यांची तुलना करायची. त्यासाठी चार खणांचा तक्ता पुरतो: हे औषध व ही घटना, हे औषध व इतर घटना, इतर औषधे व ही घटना, इतर औषधे व इतर घटना. दोन वाट्यांचा भागाकार म्हणजे प्रमाणाधारित नोंद गुणोत्तर, इंग्रजी आद्याक्षरांत पीआरआर. एव्हान्स, वॉलर आणि डेव्हिस यांनी 2001 मध्ये ब्रिटिश पिवळ्या कार्डांवर ते वापरून दाखवले. त्यांचे गाजलेले उदाहरण रिफाब्युटिनचे आहे, क्षयाच्या जंतूंच्या कुळावर चालणाऱ्या औषधाचे. त्याच्या 55 नोंदींपैकी 41 मध्ये युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांची सूज होती. जवळपास 75 टक्के. इतर सर्व औषधांच्या सुमारे 5 लाख 93 हजार नोंदींत ती 754 वेळा होती, 0.13 टक्के. गुणोत्तर निघाले 586. त्यांनी सुचवलेली चाळणी आजही प्रचारात आहे: गुणोत्तर किमान 2, काय-वर्ग (फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे तपासणारा आकडा) किमान 4 आणि नोंदी किमान 3.

586 सारखा आकडा कोणालाही दिसेल. अडचण लहान आकड्यांची असते. एखाद्या नव्या औषधाची एकच नोंद आली आहे आणि घटना इतकी विरळ आहे की औषध व घटना यांचा काही संबंध नसता तर 0.02 नोंदी अपेक्षित होत्या. प्रत्यक्ष भागिले अपेक्षित, म्हणजे 50. दुसऱ्या जोडीत 40 नोंदी आल्या आहेत आणि अपेक्षित 0.8, गुणोत्तर तेही 50. या दोहोंना सारखे मानणे शहाणपणाचे नाही, कारण पहिले एका अर्जावर उभे आहे. यावर उपाय म्हणून कमी नोंदींच्या गुणोत्तराला एककाकडे ओढतात. उप्साला केंद्रात वापरात असलेल्या एका रूपात प्रत्यक्ष आणि अपेक्षित दोन्हींत अर्धा मिळवतात. मग पहिली जोडी 1.5 भागिले 0.52, म्हणजे 3 च्याही खाली येते आणि दुसरी 40.5 भागिले 1.3, म्हणजे 31 वर राहते. त्याचा दोनच्या पायाचा लॉगरिदम घेतला की मिळतो तो 'माहिती घटक'. त्याच्या 95 टक्के मर्यादेचे खालचे टोक शून्याच्या वर गेले की जोडी पुढच्या तपासणीला पाठवतात. 1998 मध्ये उप्सालाने जाहीर केलेली बेझियन जाळ्याची पद्धत आणि 1999 मध्ये विल्यम ड्यूमूशेल यांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नोंदींसाठी मांडलेली पद्धत, या दोन्हींच्या मुळाशी हाच सावधपणा आहे. तपशिलात त्या वेगळ्या आहेत. व्यवहारात त्यांचे निकाल मोठ्या आकड्यांना सारखे आणि लहान आकड्यांना भिन्न येतात.

या चाळणीतून जे उरते त्याला सिग्नल म्हणतात. सिग्नल म्हणजे विचारण्याजोगा प्रश्न. त्याला निकाल समजणे ही या क्षेत्रातली सर्वांत नेहमीची आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे, आणि ती वर्तमानपत्रांइतकीच संशोधन निबंधांतही आढळते. नोंदींच्या संचात भाजक नसतो. औषध किती जणांनी घेतले हे माहीत नसताना 'इतक्या टक्के लोकांना हा त्रास होतो' असे म्हणता येत नाही. म्हणता येते ते एवढेच की या औषधाच्या तक्रारींत या तक्रारीचा वाटा अपेक्षेपेक्षा जास्त आहे.

वाटा फुगण्याला औषधाखेरीज कारणे पुष्कळ असतात. टीव्हीवर एखाद्या औषधाची बातमी झळकली की पुढच्या महिन्यांत त्याच्या नोंदी वाढतात. औषध नवे असते तेव्हा डॉक्टर जास्त लिहितात, जुने झाले की लिहीत नाहीत. ज्या आजारासाठी औषध दिले त्याच आजाराचे लक्षण औषधाच्या नावावर जमा होते. पूर्व विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांचे उदाहरण घ्यावे. त्यांना हायड्रॉक्सियुरिया देतात. हे औषध पांढऱ्या पेशी कमी करू शकते, हे ठाऊकच आहे. पण रक्त कमी होणे आणि कावीळ हे सिकलसेलचेच भाग आहेत. गुणोत्तर काढणाऱ्या यंत्राला औषध आणि कावीळ एकत्र दिसतात. आजार मधे उभा आहे हे त्याला वेगळे सांगावे लागते. नागपूरचा उन्हाळाही असाच मधे येतो. मेच्या 45 अंशांत शरीरातले पाणी कमी झालेल्या वृद्धाने रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी आणि गुडघेदुखीची वेदनाशामक गोळी दोन्ही घेतल्या, की मूत्रपिंडावर ताण येतो. नोंद मात्र संशयित म्हणून ज्या गोळीचे नाव लिहिले तिच्या खात्यावर पडते. अर्जात ऋतू नसतो. तारीख असते, आणि ती तारीख हवामानाशी जोडून पाहणारा कोणी असावा लागतो.

याच्या उलट, खरा सिग्नल झाकलाही जातो. एखाद्या केंद्राच्या संचात पुरळाच्या निम्म्या नोंदी एकाच सल्फा औषधाच्या असतील, तर 'इतर औषधे' या खणातले पुरळाचे प्रमाण इतके वाढते की दुसऱ्या औषधाचे पुरळ सामान्य वाटू लागते. अशा वेळी ते प्रबळ औषध बाजूला काढून गणित पुन्हा मांडतात. दुहेरी नोंदींचाही त्रास मोठा. एकाच रुग्णाची नोंद तालुक्याच्या रुग्णालयाने केली, नागपूरच्या केंद्राने केली आणि औषध कंपनीनेही आपल्या कायदेशीर जबाबदारीपोटी पाठवली, तर एक माणूस तीन होतो आणि तीनची चाळणी पार करतो. वय, लिंग, तारखा, औषध आणि घटना जुळवून अशा प्रती शोधणारे प्रोग्राम आहेत, पण ज्या अर्जात या गोष्टी अर्धवट आहेत तिथे ते हात टेकतात.

लोकसंख्येचा फरकही ध्यानात घ्यावा लागतो. जगाच्या संचात एखादी जोडी ठळक नसली म्हणून ती गडचिरोलीत नसेल असे नाही. व्हायव्हॅक्स मलेरियावर चौदा दिवस देतात ते प्रायमाक्विन, जी-सिक्स-पीडी विकराची कमतरता असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी फोडते. ही कमतरता मध्य भारतातल्या काही समाजांत इतरांपेक्षा जास्त आढळते. कार्बामाझेपिनच्या भीषण त्वचाविकाराचा संबंध एचएलए-बी 15:02 या जनुकप्रकाराशी आहे आणि तो आशियात जास्त आढळतो. म्हणून बाहेरच्या देशांच्या संचांवर विसंबून न राहता आपल्या नोंदींचे गणित आपण मांडणे आवश्यक ठरते.

सिग्नल निघाल्यावर यंत्र बाजूला होते आणि माणसे अर्ज वाचू लागतात. औषध आणि त्रास यांमधला काळ पटण्याजोगा आहे का, औषध थांबवल्यावर त्रास ओसरला का, पुन्हा दिल्यावर परतला का, दुसरे कारण संभवते का. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत 'निश्चित'पासून 'मूल्यमापन अशक्य'पर्यंत सहा वर्ग आहेत; 1981 ची नारांजो मोजपट्टी दहा प्रश्नांना गुण देते आणि 9 किंवा अधिक गुण आले तर संबंध निश्चित मानते. 'निश्चित' फार थोड्यांना मिळतो, कारण घातक त्रास झालेल्या माणसाला तेच औषध पुन्हा देऊन पाहत नाहीत.

भारतात हे चक्र पूर्ण फिरल्याचे अलीकडचे ठळक उदाहरण मेफेनॅमिक अ‍ॅसिडचे. पाळीच्या दुखण्यावर आणि मुलांच्या तापावर घरोघरी असणारे हे औषध. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या संचाच्या प्राथमिक विश्लेषणात त्याच्यासोबत ड्रेस सिंड्रोम, म्हणजे ताप, पुरळ, सुजलेल्या गाठी आणि यकृतासारख्या अवयवांना इजा असा काही आठवड्यांनी उद्भवणारा प्रकार दिसला आणि 30 नोव्हेंबर 2023 रोजी इशारा निघाला. त्यात डॉक्टर आणि रुग्ण यांनी लक्ष ठेवावे, आढळल्यास नोंदवावे, असे सांगितले होते. औषधावर बंदी घातलेली नव्हती. त्या आठवड्यात मात्र अनेक घरांतल्या पट्ट्या कचऱ्यात गेल्या असतील. याच्या उलट, घाईचे टोक 2013 मध्ये दिसले होते. मधुमेहावरचे पायोग्लिटाझोन मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून जूनमध्ये थांबवले गेले आणि जुलै संपता संपता, ठळक इशारा छापण्याच्या अटीवर, परत सुरू झाले. पर्यायी औषधे किती महाग, लाभ किती, धोका किती, हे प्रश्न गुणोत्तराच्या बाहेरचे आहेत.

2025 मध्ये नागपूरच्या वाट्याला जे आले, ते या सगळ्या यंत्रणेच्या मर्यादा दाखवणारे होते. छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली लहान मुले सर्दी-तापाने आजारी पडत होती आणि काही दिवसांत त्यांची लघवी बंद होत होती. मूत्रपिंडे निकामी झालेल्या या मुलांना नागपुरात, निरनिराळ्या सरकारी आणि खाजगी रुग्णालयांत आणले गेले. सुरुवातीला संशय जंतूंवर आणि पाण्यावर होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे नमुने गेले. एका मुलात लेप्टोस्पायरोसिस आढळलाही. केंद्राच्या तपास पथकांत नागपूरच्या एम्सचे आणि नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे तज्ज्ञ होते. किडनीच्या बायोप्सीत विषबाधेकडे बोट दाखवणारे बदल दिसले आणि नजर औषधांकडे वळली. गोळा केलेल्या खोकल्याच्या औषधांपैकी कोल्ड्रिफ या सिरपच्या तामिळनाडूत बनलेल्या एसआर-13 या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हा विषारी द्रव 48.6 टक्के निघाला. परवानगी 0.1 टक्क्याची आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंदी आली. मृत मुलांची संख्या वीसच्या वर गेली.

काटेकोर अर्थाने हा औषधाचा प्रतिकूल परिणाम नाही, औषधातली विषारी भेसळ आहे. पण मुलाच्या बाजूने पाहता फरक काहीच नाही, आणि नोंदणीच्या अर्जाच्या बाजूने पाहता फरक सुरुवातीला कळतही नाही. नोंदसंचाच्या गणिताने हा प्रकार पकडला असता का? जवळजवळ नक्कीच नाही. सिरपमधले घटक होते पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. कोश ब्रँडला या तीन नावांत मोडतो आणि या तीन नावांखाली जगभरातल्या असंख्य निर्धोक बाटल्यांच्या नोंदी आधीच आहेत. वीस मुले त्यात विरघळून जातात. गणित रेणूच्या पातळीवर चालते आणि दोष एका बॅचच्या पातळीवर होता. तो रकाना, जो वॉर्डात बहुधा कोरा राहतो, तोच इथे निर्णायक होता. शिवाय तिमाही विश्लेषणाची वाट पाहायला वेळही नव्हता.

जे कामी आले ते वेगळ्या प्रकारचे निरीक्षण. नागपूरच्या महानगर निरीक्षण कक्षाने एकाच तालुक्यातून येणाऱ्या मुलांचा हा पुंजका आणि त्यातले मृत्यू टिपून राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राला कळवले, आणि तिथून केंद्रीय पथक निघाले. हे काम औषधाच्या नावावरून मोजत नाही. जागा, वय, लक्षण आणि काळ यांवरून मोजते. एका रुग्णालयाला एक-दोन मुले दिसतात, शहराला मिळून डझनभर. स्थळकाळातले असे पुंजके शोधण्याची संख्याशास्त्रीय साधने तयार आहेत, पण त्यांना रोजची आणि सगळ्या रुग्णालयांची माहिती एकत्र हवी असते.

या विषाचा इतिहास जुना आहे. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचे सिरप याच द्रवात विरघळवले गेले, शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यातून 1938 चा कायदा झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये दूषित ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. 2022 मध्ये गाम्बियात मुले मेली. दर वेळी ओळख पटली ती एकाच ठिकाणी जमलेल्या निकामी मूत्रपिंडांवरून. म्हणून या क्षेत्रातला शहाणा अभ्यासक दोन्ही साधने जवळ ठेवतो: संथ, विरळ आणि रेणूत दडलेल्या दोषासाठी नोंदसंचाचे गणित, वेगवान आणि स्थानिक दोषासाठी पुंजक्यांचे निरीक्षण.

पुढची दिशा अर्जाची वाट न पाहण्याची आहे. रुग्णालयांच्या संगणकीय नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल आणि औषध वाटपाच्या नोंदी थेट जोडल्या, तर औषध किती जणांना दिले हा भाजकही मिळतो आणि क्रिॲटिनिन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंडे बिघडलेले रुग्ण कोणी न कळवताही सापडतात. अमेरिकेची सेंटिनेल यंत्रणा अशाच जोडणीवर उभी आहे. डॉक्टरांच्या मोकळ्या लिखाणातून घटना वेचणारी भाषाप्रणालीही तयार होत आहे. भारतीय वॉर्डात तिच्यापुढचे काम अवघड आहे, कारण केसपेपरवर इंग्रजी संक्षेप, मराठी किंवा हिंदी तक्रार आणि हाताने काढलेले बाण एकाच ओळीत असतात. 'नाही' हा शब्द ओळीच्या शेवटी येतो. 'ताप, उलटी, पुरळ नाही' यातून तीन लक्षणे वेचणारी प्रणाली धोक्याची आहे.

आणि भाजक अर्धाच मिळतो. सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर दिलेली गोळी मोजता येते. चिठ्ठीविना दुकानातून घेतलेली, शेजाऱ्याच्या उरलेल्या पट्टीतली, किंवा परासियासारख्या ठिकाणच्या दवाखान्यात बाटलीतून ओतून दिलेली औषधे कोणत्याही संगणकात येत नाहीत. त्यांचा अंदाज कंपन्यांच्या विक्रीच्या आकड्यांवरून करतात. त्यातून किती बाटल्या विकल्या हे कळते, पण त्या दोन वर्षांच्या मुलाने घेतल्या की चाळीस वर्षांच्या बापाने, हे कळत नाही. फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा केंद्राचा आदेश 2023 च्या डिसेंबरपासून आहे. तो किती पाळला जातो हे तपासायलाही वयवार वापराची हीच माहिती लागते.